वॉर्ड क्रमांक तीनमधील जारबंदीचा वृत्तान्त

गेल्या मार्च महिन्यातील दुसऱ्या सोमवारी, सकाळी ठीक दहा वाजता, दौंड तालुक्यात वरवंडपासून सहा किलोमीटर आत असलेल्या आमच्या गावी (नाव देत नाही, गाव एरवी चांगले आहे) वॉर्ड क्रमांक तीनच्या नागरिकांना आपल्या अंगी शक्ती असल्याचा शोध लागला. अशा शोधाचे परिणाम नेहमीच गंभीर असतात.

नागरिकाजवळ मुळात दोनच गोष्टी असतात: पाच वर्षांतून एकदा बोटाला लागणारी शाई आणि रोज खिशातून निघणारी नोट. आम्ही या दोन्ही गोकुळआप्पांच्या स्वाधीन केल्या होत्या. आप्पा हे ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा समितीचे अध्यक्ष आणि थंड पाण्याच्या जारचे गावातील एकमेव विक्रेते. पाण्याविषयी इतकी सर्वांगीण आस्था अन्यत्र आढळत नाही. घरोघर नळ बसलेले होते. त्यांतून पाणी मात्र सहा वर्षे आले नव्हते. कारणे भक्कम होती: आधी टेंडर, मग आचारसंहिता, मग खडक. (खडक कोठे आहे, हे विचारणे शिष्टाचारात बसत नसे.)

त्या सोमवारी बयाबाई जारच्या टेम्पोला आडव्या आल्या. बयाबाई कोंबड्या पाळतात. त्यांची सून हापशावरून रोज चौदा हंडे वाहते, आणि ते थांबावे म्हणून त्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आप्पांविरुद्ध उभ्या होत्या.

"आजपासून जार न्हाई," त्या म्हणाल्या.

"आन् प्यायचं काय, मावशी?" आप्पांनी टेम्पोतूनच विचारले.

"तुमच्या खडकाला पाझर फुटंस्तवर हापशाचं."

वॉर्डातील एकशे ब्याऐंशी घरांपैकी एकशे ऐंशी घरांनी जार नाकारला. (उरलेल्या दोन घरांत आप्पा व त्यांचे बंधू राहतात.) सारा वॉर्ड मचूळ पाणी पिऊन विलक्षण आनंदात होता. बुधवारी आप्पांनी एका जारवर दुसरा मोफत जाहीर केला. गुरुवारी वर बर्फ. शुक्रवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी खडक विरघळला.

नळ प्रथम खोकले, मग तांबडे थुंकले, मग वाहू लागले! साठीच्या बायका एकमेकींवर पाणी उडवीत होत्या. मी, ज्याने चाळीस वर्षांच्या अध्यापनात कधी आवाज चढवला नाही, भर गल्लीत तीन वेळा आंघोळ केली.

"खडक कसला, गुरुजी?" नळदुरुस्ती करणारे मीरासाहेब हसून म्हणाले. "वॉल्व बंद व्हता. चावी आप्पांच्या खिशात. आज पहाटं मलाच बोलावून खोलाया लावला."

या माहितीवर आम्ही शांतपणे विचार केला. पाणी आले. पाणी आणणे हे समितीचे कर्तव्य. समितीचे अध्यक्ष आप्पा. सबब, पाणी आप्पांनी आणले. (हा तर्क मी स्वतः दोनदा तपासला आहे.)

रविवारी आप्पांचा जाहीर सत्कार झाला. मानपत्र माझे, त्यात 'भगीरथ' हा शब्द चार वेळा आला. ऊन फार असल्याने समारंभासाठी चाळीस जार मागवले. पाहुण्यांपुढे नळाचे पाणी ठेवणे बरे दिसले नसते.

पंधरा दिवसांनी मतदान झाले. आप्पा तीनशे सत्त्याण्णव, बयाबाई चोपन्न, नोटा तीन. दोनशे मतदार सुट्टीचा सदुपयोग करून रांजणगावी देवदर्शनास गेले होते. माझे मत कृतज्ञतेपोटी कोठे पडले, हे सांगणे नलगे.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी नळ कोरडे पडले आणि जार पाच रुपयांनी वाढला. (निवडणुकीला खर्च येतो.) सुज्ञ वाचकाला आमचे हसू येत असल्यास त्याने आपल्या वॉर्डाच्या सदस्याचे नाव आठवून पाहावे. आम्ही थांबतो.

नंतर आम्ही बारा जणांचे शिष्टमंडळ घेऊन बयाबाईंकडे गेलो. त्यांची सून चौथा हंडा घेऊन आत येत होती. बयाबाई कोंबड्यांना दाणे टाकीत होत्या.

"बयाबाई, पुन्हा जारबंदी पुकारा," मी म्हणालो. "तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागे आहोतच."

त्यांनी मान वर केली नाही.

"पाणी तुम्हीच आणलं व्हतं, गुरुजी, आन् मत त्याला दिलं. चूक तुमची हाय."