वांग्यांच्या पहाऱ्यावरचा सांबार

रुचिताच्या ताटातल्या भरल्या वांग्यातून अळी निघाली, आणि ती पूर्ण शिजलेली असूनही रुचिता खुर्चीवर चढली.

तिचे सासरे देवीदास रंगारी यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून पाहिलं. रेल्वेच्या सिग्नल खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. शहानिशा केल्याशिवाय बोलायचा नाही.

"मेली आहे," त्यांनी जाहीर केलं.

"बाबा, मेली असो का जित्ती, ताटात काहून आली?" यशदीपने, म्हणजे त्यांच्या मुलाने, ताट बाजूला सारलं. "बस हो गया. बाजूच्या जागेवर मी टाइल्स लावून घेतो. माझी नवी गाडी गल्लीत उभी राहून तीनदा खरचटली, अन् इथं तुमच्या बागेत किडे मजेत राहून राहिले!"

देवीदासांनी हातातला घास ताटात परत ठेवला. रायपूरच्या शंकर नगरातल्या त्या घराच्या बाजूला बारा बाय वीस फुटांची जागा होती. कुणाला ती नुसती जागा वाटे. देवीदासांना मात्र ती शेती होती. सारा जन्म रेल्वेच्या क्वार्टरात गेलेला. आज बिलासपूर, उद्या दुर्ग, परवा रायपूर. झाड लावावं आणि त्याला फळ यायच्या आत बदलीचा कागद यावा. ही त्यांची पहिली स्वतःची माती, आणि तिच्यावर आता टाइल्स बसणार म्हणजे छातीवरच बसल्यासारखं होतं.

"सव्वीस जानेवारीपर्यंत थांब," ते म्हणाले. "दवा न मारता, बिनाअळीची वांगी तुले खाऊ घालतो. एक जरी अळी निघाली, तं लाव तुझ्या टाइल्स."

"पक्का?"

"पक्का."

यशदीपने तिथल्या तिथे टाइल्सवाल्याला फोन करून सत्तावीस जानेवारीचा दिवस ठरवून टाकला. शेवंताबाई, देवीदासांची बायको, उठल्या. त्यांनी अळी कागदात गुंडाळली आणि रुचिताला खुर्चीवरून खाली उतरवलं.

देवीदास कामाला लागले म्हणजे कसे लागले, विचारू नका! महिनाभर मोबाइलमध्ये डोकं घालून त्यांनी शोध लावला, की भाजीची राखण करायला औषध लागत नाही. वासाची झाडं लागतात. टोमॅटोजवळ तुळस लावली, कोबीजवळ लसूण लावला, की किडीचं नाक गोंधळतं आणि तिला भाजीचा पत्ता सापडत नाही. झेंडू मुळांकडच्या किड्यांचा बंदोबस्त करतो. आणि वांग्याचा खरा राखणदार म्हणजे सांबार. कोथिंबिरीला या नागपूरकडून आलेल्या घरांत अजून सांबारच म्हणतात. पण हा सांबार खुडायचा नाही, फुलावर येऊ द्यायचा. त्याच्या पांढऱ्या फुलांवर बारीक गांधीलमाश्या येतात आणि वांग्यातल्या अळीचा निकाल लावतात.

दसऱ्याला वांग्याची रोपं लागली. दिवाळीनंतर प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये सांबार पेरला गेला. देवीदासांनी एका जुन्या रजिस्टरात सगळ्या झाडांच्या रेल्वेसारख्या ड्यूट्या लिहिल्या. झेंडू गेटमन, लसूण पॉइंट्समन, सांबार गार्ड. सकाळी चहाचा कप घेऊन ते वाफ्यावाफ्याने फिरत आणि हजेरी घेत. खरं सांगायचं तर बाग दिसतही होती देखणी. रस्त्याने जाणारा माणूस थांबून पाहायचा.

डिसेंबरात सांबार गुडघ्याला लागला, आणि शेवंताबाईंनी एका सकाळी विळ्याने त्याचा अर्धा वाफा कापून सांबारवडी केली.

"अवं, काय केलं तू!" देवीदास किंचाळलेच. "ड्यूटीवरचा गार्ड कापला!"

"थंडीत सांबारवडी नाही करायची तं काय उन्हाळ्यात करायची? अन् खाऊन तं पाहा."

त्यांनी खाल्ली. सहा खाल्ल्या. त्यामुळे पुढे भांडायला तोंड राहिलं नाही. पण गडबड वेगळीच झाली होती. वड्यांचं एक ताट शेजारच्या रमाकाकूंकडे गेलं होतं आणि एक समोरच्या सोनियाकडे. ताट रिकामं परत करायची रीत ना मराठी घरात आहे, ना छत्तीसगढी घरात. रमाकाकूंनी ताटातून करंज्या पाठवल्या, सोनियाने बेसनाची तळलेली ठेठरी. मग करंज्यांचं ताट तरी रिकामं कसं पाठवायचं? पुन्हा वड्या, पुन्हा सांबार. आणि एकदा सांबाराची चव लागल्यावर दोघी थेट बागेच्या फाटकाशीच येऊ लागल्या.

"अंकल, बस दो डंडी धनिया," सोनिया म्हणायची. भाजीवाली जो फुकटात वर टाकते, त्या सांबाराला नाही म्हणणारा माणूस रायपुरात अजून जन्माला यायचा होता. देवीदास ओठ दाबून होकाराची मान हलवायचे. दोन काड्या म्हणता म्हणता मूठ भरायची.

रमाकाकूंनी तर कहर केला. तात्यापारा मोहल्ल्यातल्या जुन्या घरातून आलेली बाई, भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेलं घराणं. काहीही वाया गेलेलं त्यांना बघवत नसे. एका सकाळी त्या ओंजळभर शेंडे घेऊन हजर.

"देवीदासभाऊ, तुमचं लक्षच नाही हो! सांबार फुलावर येऊन राहिला होता. बरं झालं मी पाहिलं. सगळे शेंडे खुडून घेतले, नाही तर वाया गेला असता बिचारा."

देवीदास तिथेच विटेवर बसले. ज्या फुलांसाठी त्यांनी दोन महिने वाट पाहिली होती, ती रमाकाकूंच्या ओंजळीत होती, आणि वर त्यांनाच आभार मानावे लागले.

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सोनिया दिसताच ते म्हणाले, "मत तोड़ना. कल ही दवा मारी है."

हे वाक्य पंधरा मिनिटांत गल्ली पार करून गेलं. सोनियाच्या सासऱ्यांनी सकाळीच त्याच धनियाची चटणी खाल्ली होती. त्यांच्या पोटात लगेच कळा येऊ लागल्या. रमाकाकूंनी पातेलंभर वरण मोरीत ओतलं. आणि घरातून यशदीप हसत हसत बाहेर आला.

"बाबा, दवा मारली? मग शर्त तं तुम्ही हरले! बिना दवाची ठरली होती नं?"

देवीदासांच्या पायाखालची जमीन सरकली, तीही बारा बाय वीस फुटांची. सोनियाचे सासरे पोट धरून फाटकाशी उभे, रमाकाकू पदर तोंडाला लावून उभ्या, आणि पोरगा मोबाइलवर टाइल्सचे नमुने चाळत होता. आता काय करणार? त्यांनी मूठभर सांबार उपटला, नळाखाली धरला आणि सगळ्यांसमोर देठासकट कचाकचा चावून खाल्ला. मग दुसरी मूठ खाल्ली.

"दवा नाही मारली! झूठ बोललो होतो मी!" हिरव्या दातांनी ते ओरडले. "या बागेत दवेचा एक थेंब नाही!"

सासऱ्यांचं पोट तत्काळ बरं झालं. यशदीपने मोबाइल खिशात ठेवला. देवीदासांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण बिनादवाचा सांबार मिळतो ही बातमी मागच्या गल्लीपर्यंत पोचली आणि दुसऱ्या सकाळी फाटकाशी नऊ बायका उभ्या होत्या.

देवीदासांनी हाय खाल्ली. रोज पहाटे ते उठायचे आणि बागेकडे न पाहता तेलीबांधाच्या तलावाकडे फिरायला निघून जायचे. बोडका होत चाललेला वाफा त्यांच्याने पाहवेना. परत येईपर्यंत बायका गेलेल्या असायच्या आणि शेवंताबाई हात धूत असायच्या. "माझी माती गेली," ते एकदा जेवताना म्हणाले. शेवंताबाईंनी त्यांना अजून एक भाकरी वाढली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन करून सगळे घरी आले. शेवंताबाईंनी रमाकाकूंना आणि सोनियालाही जेवायला बोलावलं होतं. विळीपुढे वीस जांभळी वांगी मांडली. कापायला रुचिता, पाहायला यशदीप. देवीदास दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

पहिलं वांगं साफ. पाचवं साफ. दहाव्यापर्यंत यशदीप गमतीत होता. पंधराव्याला गंभीर झाला. अठराव्याच्या देठाजवळ छिद्र निघालं.

"मिली!" यशदीप ओरडला. देवीदासांनी डोळे मिटले. रुचिताने हात लांब धरून वांगं चिरलं. यशदीपने मोबाइलचा टॉर्च लावून फोड न् फोड तपासली. आत काही नव्हतं. नुसती वरवर टोचल्याची खूण. एकोणिसावं साफ. विसावंही साफ.

"हरलो," यशदीप म्हणाला, आणि मनापासून हसला. "बाबा, मान गये!"

देवीदासांना काय करू आणि काय नको झालं. त्यांनी भाषणच ठोकलं. झेंडूने मुळं कशी सांभाळली, लसणाने कसा पहारा दिला, खुडला तरी सांबाराचा नुसता वास कसा पुरला. पाच मिनिटं झाली तशी रमाकाकूंनी घसा खाकरला.

"भाषण छान आहे हो भाऊ. पण शेंडे तर आम्ही खुडले ना?"

"सांबाराचे? माहीत आहे मले," देवीदास कडवट हसले.

"वांग्याचे! तुम्हाला शेवंताताईंनी सांगितलं नाही? सांबाराची एक जुडी पाहिजे, तर आधी वांग्याची एक ओळ तपासायची. शेंडा मान टाकून दिसला की आत अळी. तो खुडायचा आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचा. पानंसुद्धा उलटून पाहायची. ओळ झाल्याशिवाय ताई काडी देत नव्हत्या."

"एक दिन में ग्यारह पकड़े थे हमने, अंकल!" सोनिया अभिमानाने म्हणाली.

देवीदास बायकोकडे पाहतच राहिले. रोज नऊ बायका, अठरा डोळे, महिनाभर.

"तुले हे कसं माहीत?"

"माझी माय पवनीच्या बाजारात वांगी विकत होती," शेवंताबाई मसाला भरत म्हणाल्या. "लहानपणी हेच करत होतो आम्ही."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही मोबाइलले विचारून राहिले होते. मले कवा विचारलं? अन् तुमचंही खोटं नव्हतं. पाण्याच्या टाकीमागचा वाफा फुलावर ठेवला आहे मी, कोणाले हात लावू दिला नाही. त्या माश्या येतात तिथं."

देवीदास टाकीमागे गेले. पांढऱ्या फुलांवर इवल्या गांधीलमाश्या घिरट्या घालत होत्या. अडतीस वर्षं संसार केला, आणि ही बाई काय आहे ते आज कळलं! डोळे पुसूनच ते आत आले.

"वो सब ठीक आहे," यशदीप म्हणाला, "पण माझी गाडी?"

"हमारा पोर्च खाली पड़ा है, भैया," सोनिया म्हणाली. "वहीं लगा दो."

"चला, मग टाइल्सवाल्याले नाही म्हणून सांगतो. उद्या सकाळीच येणार होता बिचारा." यशदीपने फोन लावला. पलीकडचा आवाज सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू आला.

"कौन सा काम, भैया? वो तो आपने जिस दिन बुक किया, आंटीजी ने उसी दिन शाम को मना कर दिया था. बोलीं, कोई जीते, कोई हारे, आना मत."

यशदीपने सावकाश फोन खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं. शेवंताबाईंनी कढईवर झाकण ठेवलं.

"हात धुऊन घ्या सगळे," त्या म्हणाल्या. "वांगी होतच आली."