तुंबलेल्या पाण्याची निःपक्षपाती चौकशी

सदर घरातील बाथरूममध्ये पाणी तुंबू लागल्याची बाब सर्वप्रथम सासूबाईंच्या घोट्यांच्या निदर्शनास आली. जाळी उचलून हात घातला असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. परंतु हे जबाबदार माणसांचे घर होते. इथे घाण काढण्याआधी ती कुणाची हे ठरवण्याची पद्धत होती.

चौकशीचे अध्यक्षपद सासऱ्यांकडे आपसूक आले. नोकरीत त्यांनी जन्मभर इतरांच्या चौकशा केल्या होत्या, आणि शिवाय त्यांना टक्कल होते. "माझ्या डोक्यावर केसच नाहीत, म्हणजे माझा हितसंबंधही नाही," ते म्हणाले. इतका निःपक्षपाती माणूस घरातच सापडल्याचा सर्वांना अभिमान वाटला.

मग सगळ्यांच्या नजरा सुनेच्या वेणीवर जाऊन थांबल्या. वेणी कमरेखाली पोचत होती. आई लवकर गेल्यामुळे ती तिच्या वडिलांनी, चुकतमाकत शिकून, रोज घातली होती. ती कापायचा विचार सुनेच्या मनाला कधी शिवला नव्हता.

"बाबा, मीच जाळी उचलून बघते ना," ती सासऱ्यांना म्हणाली.

"आरोपीने पुराव्याला हात लावायचा नाही!"

जाळीवर चिकटपट्टी लावून ती सील करण्यात आली. त्यामुळे जे थोडेफार पाणी जात होते, तेही थांबले. ते बाहेर येऊ नये म्हणून सुनेच्या नवऱ्याने बाथरूमचा उंबरठा हातभर उंच करून घेतला, आणि आंघोळी स्टुलावर बसून होऊ लागल्या.

तज्ज्ञ म्हणून प्लंबरला पाचारण करण्यात आले.

"दोन मिनिटांचं काम आहे, काका. जाळी उघडू?"

"उघडायची नाही. फक्त मत द्या. एवढ्या लांब केसांनी पाणी तुंबू शकतं का?"

"तुंबू शकतं की. पण बघितल्याशिवाय..."

"शकतं म्हणालात ना? बस्स."

प्लंबर हत्यारांची पिशवी न उघडताच परत गेला.

पुढे सासूबाई नव्या उंबरठ्याला अडखळून पडल्या. हाड वाचले, कंबर धरली. "तुला वेणी हवी की माझ्या आईची कंबर?" नवऱ्याने विचारले. या प्रश्नाला जाळी नावाचे तिसरे उत्तर असू शकते, हे कुणाच्याच डोक्यात आले नाही.

सून केस मानेपर्यंत कापून आली. वेणी तिने कागदात गुंडाळून आणली होती. "छान दिसतंय हं," सगळे म्हणाले. पाणी मात्र तसूभरही हलले नाही.

तेव्हा तिचे डोके फिरले. "आता तरी मी आरोपी नाही ना?" म्हणत ती बाथरूममध्ये शिरली, चिकटपट्टी फाडली, जाळी उचलली आणि कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आला तो हिरव्या लेपाचा, दगडासारखा घट्ट गोळा. त्याच लेपाची बरणी सासऱ्यांच्या टॉवेलामागे मिळाली. तिच्यावर केस हमखास उगवण्याची हमी छापलेली होती. पाणी गुडगुडत निघून गेले.

सगळे टकलाकडे बघू लागले.

"आता दोष कुणाचा हे उगाळत बसायचं नाही," अध्यक्ष म्हणाले. "पाणी गेलं ना? झालं तर मग. घरातलीच माणसं आहोत."

"खरंय, किती ताणायचं," नवरा म्हणाला. सासूबाईंनी कंबर चोळत मान डोलावली, आणि चौकशी संपली.

वेणी कपाटात आहे. सासऱ्यांना हसलात ते ठीकच. पण वेणी कमरेखाली पोचते हे वाचताक्षणी, जाळी उचलायच्या कितीतरी आधी, तुम्हीही निकाल देऊन मोकळे झाला होतात.