चपलेच्या वरचं मत

डिटेक्टिव्ह आकाराम म्हणजे मीच. नजर घारीची, बुद्धी वस्तऱ्याची आणि ऑफिस रंकाळ्याजवळ, पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी सुरू झाली की टेबल हलतं. माझा निष्कर्ष हलत नाही.

सोमवारी सयाजीराव आले. त्यांचं मत नाही असा विषय अजून निघालेला नाही. मागे मुलगा आदर्श, चेहरा उतरलेला.

"पावणं, पोरगी बघाय मलकापूरला गेलतो. क्रांती नाव, कॉलेजात इंग्रजी शिकवती. मी चार गोष्टी सांगिटल्या, तर हसून म्हणाली, 'काका, तुम्ही अगदी अल्ट्राक्रेपिडेरियन आहात.' शिवी आसंल तर सोयरीक मोडली. कौतुक आसंल तर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर छापतो!"

आदर्शला मुलगी फार आवडली होती. त्याचा संसार आता माझ्या मेंदूवर अवलंबून होता. मला त्याचा हेवा वाटला.

मी भिंग काढलं. शब्द कागदावर नव्हता, म्हणून सयाजीरावांचं तोंडच तपासलं.

"क्रेप म्हणजे मुरगळल्यावर बांधायची पट्टी. मुलीचा पाय अधू आहे, घरच्यांनी लपवलंय!"

"पळत चहा आणला की तिनं," आदर्श म्हणाला.

"मग कीटकनाशक. उसावर फवारतात."

"उसातलं मला सांगू नगा!" सयाजीराव उसळले.

"मग गुप्त संघटना!"

"तिलाच फोन लावू का?" आदर्शने विचारलं.

इतकी अशास्त्रीय पद्धत मी उभ्या कारकिर्दीत पाहिली नव्हती. त्याने स्पीकर लावला.

"जुनी गोष्ट आहे," क्रांती सांगू लागली. "एक ग्रीक चित्रकार चित्रामागे लपून लोकांची मतं ऐकायचा. चपला शिवणाऱ्या एकाने चित्रातल्या चपलेची चूक काढली. चित्रकाराने ती सुधारली. दुसऱ्या दिवशी तोच माणूस चित्रातल्या पायालाही नावं ठेवू लागला. चित्रकार म्हणाला, चपलेच्या वर जाऊ नकोस. 'चपलेच्या पलीकडे' याला लॅटिनमध्ये जे म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. न कळणाऱ्या विषयात मत देणारा. काका, माझे बाबा जनावरांचे डॉक्टर. त्यांना तुम्ही म्हशीला सुई कुठं टोचायची ते शिकवलंत."

मी हळूच खुर्ची मागे सरकवली. पण सयाजीरावांचे डोळे चमकले.

"पायताणावरनं शब्द? मग ग्रीक कसला, कोल्हापूरचाच की! पायताण हितनंच गेलं आसणार तिकडं. छापा फ्लेक्स! सोयरीक पक्की!"

"काका, मी अजून हो म्हटलेलं नाही," फोनमधून आवाज आला. "आणि आदर्श यांचा तर मी शब्दही ऐकला नाही. त्या दिवशी तुम्हीच बोलत होता."

विवाह या विषयावर दोन शब्द सांगायला मी घसा साफ केला. माझं लग्न झालेलं नाही, पण अभ्यास दांडगा आहे. सयाजीरावांनीही तोंड उघडलं.

आदर्शने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि बोलत बोलत जिना उतरून गेला.