भिजू नये असं जाळं

सन १८६४च्या हिवाळ्यात पूर्णा नदीतले मासे वयात येण्याआधीच पकडले जातात, ही गोष्ट सरकारच्या ध्यानात आली. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं, अकोल्यात मुंबईचे दलाल उतरले होते, आणि दलालांना रोज मासळी लागत असे. मागणी वाढली, मासे लहान झाले. दलालांना कमी खायला सांगण्यापेक्षा जाळ्यांची भोकं मोठी करवणं सोपं, असं ठरून हुकूम निघाला. दीड इंचाचा पितळी ठोकळा ज्या जाळ्याच्या प्रत्येक भोकातून आरपार जाईल, तेच जाळं कायदेशीर. बाकीची जप्त.

अंमलबजावणी मासळी दप्तराचे कारकून भगवंतराव यांच्याकडे आली. त्यांनी जन्मात मासा शिवला नव्हता, म्हणून ते निःपक्षपाती ठरले. ठोकळा रेशमी रुमालात गुंडाळून ते पूर्णेकाठच्या भोईवाड्यात आले.

सहदेव भोई याच्याकडे एकच जाळं होतं. कापूस आता बोटीनं विलायतेला जात असल्यामुळे त्यानं ते सुताऐवजी अंबाडीच्या दोरीनं विणलं होतं, आणि हुकूम ऐकल्यावर सगळं उसवून, बोटं सोलवटून घेत, दीड इंचाच्या मापानं पुन्हा विणलं होतं. हिवाळ्याच्या चार महिन्यांत हेच जाळं त्याच्या घराची वर्षाची ज्वारी आणायचं. पण भोयांत रीत अशी, की मोठ्या माणसापुढे कोरडं जाळं न्यायचं नाही. सहदेवनं ते नदीत बुचकळलं, हळदकुंकू लावलं आणि निथळत भगवंतरावांपुढे ठेवलं.

ओली अंबाडी आटते. ठोकळा अडला.

"दोन घंटे उनात वाळू द्या ना मालक," सहदेवची बायको मैनाबाई म्हणाली. "मंग घाला ठोकळा, जाते का नाई पाहा."

"वाळवण्याबद्दल हुकमात अक्षर नाही, बाई," भगवंतराव म्हणाले. "हुकमात नाही ते मी करू लागलो, तर राज्य चालेल कसं?"

जाळं जप्त झालं. भगवंतराव दुष्ट नव्हते. त्यांनी वर लिहून विचारलं, आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं की माप कोरड्या जाळ्याचंच घ्यावं. ठोकळा आरपार गेला. जाळ्याला शिशाचा शिक्का लागला. सहदेवनं शिक्क्यालाच नमस्कार केला.

दुसऱ्या सकाळी तो गुडघाभर पाण्यात उभा असताना भगवंतराव काठावर हजर झाले. चौथ्या कलमाप्रमाणे जाळं वापरात असतानाही तपासायचं होतं. ठोकळा पुन्हा अडला.

"अरे, सरकारी शिक्का मारलेलं जाळं आटतं म्हणजे काय?"

"नदीत टाकलं तं ओलं होईनच ना, मालक!"

"मग टाकलंस कशाला?"

वीस वर्षं सहदेव नदीत जाळं टाकत होता, पण कशाला टाकतो असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पुन्हा पत्र गेलं. पुन्हा उत्तर आलं: 'जाळे ज्या स्थितीत प्रमाणित झाले, त्याच स्थितीत वापरावे. भिजविल्यास जप्ती.' भगवंतरावांनी ते वाचून दाखवलं आणि धीर दिला, "मासे धरायला मनाई नाही हं. फक्त जाळं भिजता कामा नये."

"आन् माशायले सांगून ठेवलं का, काठावर येजा म्हनून?" मैनाबाईनं विचारलं.

"तो विषय आमच्या दप्तराचा नाही."

"मंग लेकरायले काय रांधून घालू? तुमचा ठोकळा?"

भगवंतरावांनी कागदाची घडी घातली.

वरच्या डोहाचा मक्ता खुशालराव नावाच्या गृहस्थाकडे होता. तो पाण्यात गेळफळाची विषारी भुकटी टाकी. घटकाभरात सगळे मासे पोट वर करून तरंगत, करंगळीएवढेसुद्धा. मैनाबाई भगवंतरावांना हट्टानं तिथं घेऊन गेली.

"जाळं दाखवा," भगवंतराव म्हणाले.

"माह्याकडं जाळंच नाई, साहेब," खुशालराव म्हणाला.

भगवंतराव ठोकळा हातात घेऊन बराच वेळ भोक शोधत राहिले. मग त्यांनी अहवाल लिहिला: 'सदर डोहात एकही लहान मासा बेकायदेशीर जाळ्यात सापडला नाही. मक्तेदाराचे वर्तन नमुनेदार.' सरकारनं खुशालरावाला फेटा बांधला.

पौषात सहदेवच्या घरातली ज्वारी संपली. तो खाली मान घालून खुशालरावाकडे मजुरीला गेला. काम एकच, मेलेले मासे हातानं गोळा करायचे. भगवंतरावांनी कर्तव्य म्हणून त्याच्या पसरलेल्या बोटांमधून ठोकळा घालून पाहिला. आरपार गेला. हात कायदेशीर ठरले.

ते मासे विकायला मैनाबाई बाजारात बसली. खोटं बोलणं तिला जमेना. "पाहून घ्या बाप्पा, इखानं मारेल हायेत," ती प्रत्येकाला सांगत होती, "लेकरायले देऊ नोका." गिऱ्हाइकं सुशिक्षित होती. नदीची नासाडी होते आहे, यावर नुकतीच हळहळून आली होती. सगळ्यांनी तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, तिच्या खरेपणाचं कौतुक केलं, आणि मासे कालच्यापेक्षा स्वस्त आहेत ना, एवढं विचारून टोपली पुढे केली. मासे न खाणाऱ्यांनी त्याच विषारी डोहाखालच्या घाटावर सकाळीच घागरी भरल्या होत्या.

दुपारपर्यंत पाटी रिकामी झाली. मैनाबाईनं त्यातला एकही मासा घरी नेला नाही. ज्यांनी नेले, त्यांची नावं इथं द्यायचं माझ्या मनात होतं. पण वाचकहो, ती तुमच्याच घरातली निघतील म्हणून राहू दिली.