इंजिन बसलं नव्हतं

आमच्या विट्यात दिलावर मिस्त्री पेट्रोल बोटांनी मोजतो. टाकीत बांबूची कामटी घालायची, बाहेर काढायची आणि जिथवर ओली असेल तिथवर बोटं आडवी लावायची. दोन बोटं असतील तर बाजारापर्यंत, सहा असतील तर परगावी. "काटा खोटं बोलतो, कामटी न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्या गाडीला काटा नाहीच.

ही गाडी त्याने घरामागच्या शेडमध्ये स्वतः बनवली. लाल, बसकी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार. इंजिन भंगारातलं, अंगावरचा पत्रा धान्याच्या कोठ्यांचा, दिवे ट्रॅक्टरचे. दारं उघडत नाहीत. लुंगी सावरत वरून आत उतरावं लागतं. "मिस्त्री, ही मोटार हाय का आंघोळीचा टब?" असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, "तू कर आंघोळ. मी साताऱ्याला जातो."

साताऱ्याला म्हणजे शेजारच्या सातारा जिल्ह्यात. मायणीच्या रस्त्यावर हद्दीची पाटी आहे. घरी बनवलेली गाडी तिच्याच इंजिनावर पाटीपलीकडे नेऊन दाखवीन, असं त्याने चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर सांगितलं होतं. दिवस ठरला. शेजारच्या सीटवर मी. मी एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर, मिस्त्रीच्या शेजारीच राहतो.

पेट्रोल मापायचं काम माझ्याकडे होतं. मिस्त्रीचा नियम असा, की गाडी आधी ढकलून सपाटीवर आणायची, मगच कामटी घालायची. शेडसमोर उतार आहे. तिथे गाडीची मागची बाजू खाली होते, पेट्रोल टाकीच्या तोंडाशी जमतं आणि कामटी उगाच भिजते. मला हे ठाऊक होतं. पण फोटो निघणार म्हणून मी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातले होते. मी उतारावरच मापलं.

"किती?" मिस्त्रीने घरातून ओरडून विचारलं.

"सहा बोटं."

"सपाटीवर मापलं न्हवं?"

"हो, हो."

आम्ही निघालो. मागे दहा-बारा मोटरसायकली. पाटी दिसली, अक्षरं वाचता येऊ लागली, आणि गाडीने दोन आचके देऊन मान टाकली.

"ढकला की! चार पावलं तर हायती!" कोणीतरी ओरडलं.

"ढकलून न्ह्यायला ती काय हातगाडी हाय?" मिस्त्री गरजला आणि कामटी घेऊन टाकीकडे वळला. त्याने झाकण उघडायच्या आधीच मी मोठ्याने म्हणालो, "इंजिन बसलं!"

कामटी कोरडी निघाली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे. "पेट्रोल संपलंय."

हशा उसळला. मापल्याशिवाय मिस्त्री हलत नाही, हे सगळ्या विट्याला माहीत; मग पेट्रोल संपेलच कसं? "मिस्त्री, आता कामटी बी खोटं बोलाय लागली व्हय?"

लोक परतले. मी एकाची मोटरसायकल मागून घेतली आणि कॅनमध्ये पेट्रोल आणलं. ओतल्यावर इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. ऐकायला आम्ही दोघंच. पाटी समोर होती, पण मिस्त्रीने गाडी वळवली. "बघाय कोण न्हाई, मग हद्द वलांडून काय करू?"

त्यानंतर मिस्त्रीकडे दुरुस्तीला येणारी विहिरींवरची इंजिनं दुसरीकडे जाऊ लागली. मिस्त्री बधला नाही. लग्नात, मयतीत, भेटेल त्याला ठणकावून सांगायचा, "इंजिन बसलं न्हवतं!" लोक मान डोलवायचे आणि पाठीमागे हसायचे. दर रविवारी त्याच्या शेजारच्या सीटवर बसून मी गप्प राहिलो. सात वर्षं.

म्हणून लिहून ठेवतो. इंजिन बसलं नव्हतं. मी खोटं बोललो. परवा टपरीवर उभं राहून हेच सांगितलं. ज्याला हसायचं त्याने आता मला हसावं.

तिथून शेडमध्ये गेलो. मिस्त्री पत्रा ठोकत होता. माझं सांगून झालं तरी हातोडा थांबला नाही.

"कामटी कोरडी निघाली तवाच मला कळलं हुतं," तो म्हणाला. "तुझी इस्त्री मोडली न्हवती."

"मग लोकांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू परत गाडीत बसला असतास व्हय? आन् दुसरं कोण हाय बसाय, कंडक्टर?"

त्याने हातोडा खाली ठेवला, कोपऱ्यातली कामटी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "चल. पाटीकडं."

अंगात तसेच इस्त्रीचे पांढरे कपडे होते. मी गाडीच्या मागे गेलो, खांदा लावला आणि तिला सपाटीकडे ढकलू लागलो.