तिसऱ्या मजल्याची किल्ली

नाशिकमधल्या या सरकारी कार्यालयाने आजवर एकही अर्ज फेटाळलेला नाही. अर्जदार तेवढे निवृत्त होत गेले.

सुधा मॅडम तिथे वरिष्ठ लिपिक. गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी त्यांनी रेडिएशन घेतलं; कॅन्सर गेला, पण किरणांनी आतडं भाजलं. दिवसातून दहादा कळ येई, रक्त जाई. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन नको. रोज औषधाचा एनिमा घ्या, तिखट बंद. दोन-तीन महिन्यांत उतार पडेल. तोवर संडास मात्र हाताशी हवा."

संडास हाताशीच होता, टेबलापासून बारा पावलांवर. पण तो अधिकाऱ्यांसाठी राखीव. अधिकाऱ्यांची केबिनमध्येच सोय झाल्यापासून त्याला कुलूप होतं. बाकीच्यांनी तीन मजले उतरून आवारापलीकडे जायचं. मॅडमनी किल्लीसाठी अर्ज केला.

अधीक्षक वेणीमाधव साहेबांनी तो दोनदा वाचला. "मॅडम, टाके किती, हा रकाना कोरा सोडलात."

"ऑपरेशन नाहीच, साहेब. औषधानेच बरं होतं."

"म्हणजे किरकोळ आजार."

"रक्त जातंय, साहेब."

"जात असेल हो. पण परिपत्रकात सवलत शस्त्रक्रिया झालेल्यांना. कोऱ्या रकान्यावर किल्ली कशी देऊ?"

तरीही प्रशासन संवेदनशील असल्यामुळे स्थळपाहणी झाली. शिपाई सहादू मॅडमच्या खुर्चीतून उठून खालच्या संडासापर्यंत पळाला. वेळ अठ्ठावन्न सेकंद. अहवालात नोंद झाली : 'अंतर कर्मचाऱ्यास सहज पार करण्याजोगे.'

"मला कळ नव्हती ना, मॅडम," सहादू हळूच म्हणाला. "पण ते कुणी विचारलंच नाय."

मॅडम आता उपाशीपोटी कामावर येत, पिशवीत जादा साडी ठेवून. शेवटी डॉक्टरांकडे गेल्या. "डॉक्टर, कुठेतरी छोटंसं कापता येईल का? दोन टाके पुरतील."

"अहो ताई, भाजलेलं आतडं कापलं तर जखम भरत नाही! कुणी सांगितलं कापायला?"

"परिपत्रकाने."

डॉक्टरांनी पेन उघडलं. मग लेटरहेडवर लिहून दिलं : 'रुग्णावर शस्त्रक्रिया न करण्याची प्रक्रिया यशस्वीरीत्या सुरू आहे. टाके : निरंक.'

साहेबांचा चेहरा उजळला. "आता कसं! भरला रकाना."

सात सह्यांनिशी, सातव्या आठवड्यात किल्ली मिळाली. मॅडमनी ती लावायला कुलूप हातात धरलं, तर ते अलगद निघून आलं. कडीत नुसतंच अडकवलेलं होतं.

त्या मजल्यावर एकसष्ट जण बसतात. नऊ वर्षांत ते कुलूप कुणी ओढून पाहिलं नव्हतं. मॅडमनीसुद्धा.