तळ्यावरची ड्यूटी

"ही शिट्टी ज्याच्या गळ्यात, त्याची नजर पाण्यावर," धाकट्या बहिणीनं मामांना बजावलं. "फोन नाही, पेपर नाही, डुलकी तर नाहीच. दुसऱ्या मोठ्या माणसाच्या गळ्यात शिट्टी घातल्याशिवाय उठायचं नाही. कळलं ना दादा?"

बहीण मुलांच्या वॉर्डात नर्स. गुडघाभर पाण्यानं काय होतं, ते तिनं पाहिलेलं. मामा रेकॉर्ड विभागातले कारकून. सांगितलेलं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अंगणातल्या हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या तळ्यात सात वर्षांची भाची डुंबू लागली, मामा डोळ्यांत तेल घालून बसले आणि बहीण बाजारात गेली.

अर्ध्या तासानं भाची बाहेर आली. "मामा, थंडी वाजतेय. मी चित्रं काढायला जाते."

"जा बाळ," मामा म्हणाले, पण स्वतः हलले नाहीत. तळ्यात पाणी होतं, गळ्यात शिट्टी होती.

आत फोन खणखणला. मामी खिडकीतून ओरडल्या, "अहो, तुमचे साहेब!"

"सांग, ड्यूटीवर आहेत."

"ते म्हणतात, मग ऑफिसात का दिसत नाहीत?"

मामांनी मान वळवली नाही. थोड्या वेळानं मामी ताट घेऊनच आल्या. "पोरगी आत बसलीय. राखताय कुणाला, त्या रबरी बदकाला?"

"मग तू घाल शिट्टी."

"मला नको ते लोढणं!"

पाण्यावरची नजर न काढता मामांनी पहिला चमचा उचलला. तो नाकाला लागला. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारी शेजारीण खदखदून हसली. "काय मामा, पाणी पळून जाईल म्हणून बसलात का?"

हसता हसता ती चादर पिळायला वळली. तेवढ्यात तिची दीड वर्षाची लेक कुंपणाच्या फटीतून बदकाकडे आली, तळ्याच्या काठावर ओणवी झाली आणि डोक्यावर आत पडली. ना किंकाळी, ना हातपाय आपटणं. बदक तेवढं हललं.

ताट एकीकडे, खुर्ची दुसरीकडे! दोन ढांगांत मामांनी पोरीला वर काढलं. ती खोकली आणि मग असं भोकाड पसरलं, की मामांच्या जिवात जीव आला. शिट्टी वाजवायचं मात्र राहूनच गेलं.

"आत्ता तर माझ्या पायाशी होती हो!" शेजारीण रडत धावत आली. तेवढ्यात बहीणही पोचली. तिनं पिशवी तिथंच टाकून पोरीचा श्वास तपासला. "ठीक वाटतेय, पण डॉक्टरांना दाखवूच. दादा, आज तू होतास म्हणून!"

मामी पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "मीच वेडी. उगाच हसले यांना."

मामांची छाती जरा फुगली. आतून भाची रंगीत हातांनी बाहेर आली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पण मामा, मी बाहेर आले तेव्हाच पाणी ओतून का नाही टाकलं?"

मामांनी मामींकडे पाहिलं, मामींनी नर्सबाईंकडे, नर्सबाईंनी स्वतःच्या चपलांकडे.

मग तिघांनी तळ्याची कड धरली आणि एका दमात तळं पालथं केलं. सगळं पाणी बाजाराच्या पिशवीवरून सळसळत वाहत गेलं.